पुरे, पुरेल, पुरलं

जेवताना 'पुरे' म्हटलं की हात आपसूक ताटावर आडवा होतो आणि वाढणारीची पळी वरच्या वर थांबते. दोन अक्षरांचा हा शब्द एकटाच वाक्याचं काम करतो. व्याकरणानेही तो वाक्यच आहे. जुन्या मराठीत 'पाऊस पडे', 'धान्य मिळे' अशी वर्तमानकाळाची रूपं होती. 'पुरे' हे त्याच साच्यातलं 'पुरणे'चं रूप. त्याचा अर्थ 'हे पुरतं'. आज आपण तो थांबवण्यासाठी वापरतो, फारसीतून आलेल्या 'बस'च्या जोडीने 'बस, पुरे' असा. पण त्याच्या पोटात ते जुनं विधान अजून शाबूत आहे.

घराणं म्हणाल तर संस्कृतातल्या 'भरणे' ह्या अर्थाच्या 'पॄ' धातूचं. नदीला येतो तो पूर, पोळीत भरतात ते पुरण, उत्तरपत्रिकेला जोडतात ती पुरवणी, आणि पुरवठा, पुरेसा, पुरा ही सगळी एकाच कुळातली. 'पुरणे'मध्ये मात्र मराठीने भरण्याच्या जोडीला काळ आणून बसवला. डब्यात पीठ किती आहे ते झाकण उघडून सांगता येतं. ते पुरेल की नाही, हे झाकण उघडून कळत नाही. सकाळी 'पुरेल ना?', वाढताना 'पुरतंय', आणि पंगत उठल्यावर 'पुरलं' असे तीन काळ ओलांडल्यावरच उत्तर हाती येतं. मी ख्रिस्ती घरात वाढले. देवावर विश्वास ठेवणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी 'पुरेल' आणि 'पुरलं' ह्यांच्या मधल्या वेळाकडे बोट दाखवेन. विश्वास त्या वेळेत राहतो. त्याआधी हिशेब असतो आणि त्यानंतर उपकारस्तुती.

हिशेब करणारा माणूस शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे: येशूचा शिष्य फिलिप्प. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात डोंगरावर माणसं जमलेली, नुसते पुरुषच सुमारे 5,000. ह्यांना खायला कुठून आणायचं, असं येशू त्याला विचारतो, आणि फिलिप्प आकडा सांगतो: 200 दीनारांच्या भाकरी आणल्या तरी एकेकाला तुकडा तुकडासुद्धा पुरायचा नाही. दीनार ही तेव्हाची मजुराची दिवसभराची मजुरी. (हाच लॅटिन शब्द पुढे संस्कृतातही आला आणि गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांना लागला.) म्हणजे 200 दिवस राबल्याची कमाईसुद्धा कमी. फिलिप्पाचं गणित चुकलेलं नाही, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे. त्याला अश्रद्ध ठरवून पुढे जाणारी प्रवचनं मी खूप ऐकली. पण येशू त्याला खोडून काढत नाही. तूट खरीच होती. फिलिप्पाच्या तोंडी 'पुरणे'साठी जे ग्रीक क्रियापद आहे ते 'आर्केओ'. ते पुन्हा भेटणार आहे, म्हणून लक्षात राहू द्यावं.

मग दुसरा शिष्य अंद्रिया एका मुलाला पुढे आणतो. त्याच्याकडे 5 भाकरी आणि 2 मासळ्या. चारही शुभवर्तमानांत ही गोष्ट आहे, पण भाकरी जवाच्या होत्या हे एकटा योहान सांगतो. जव हे गरिबाचं धान्य. ज्याला परवडे तो गहू खाई. इथे मराठी भाषांतरकारांनी 'भाकर' हा शब्द घेतला त्याचं मोल कळतं. पोर्तुगीज 'पांव'वरून आलेला आपला 'पाव' मैद्याचा आणि पोळी गव्हाची. भाकरी मात्र ज्वारीची, बाजरीची, नाचणीची. भरड धान्याची ती भाकरी. त्या पोराच्या फडक्यात जे होतं त्याला मराठीत दुसरं नाव शोभलं नसतं.

मासळीची गंमत ह्याहून मोठी. बाकीच्या तिघांनी माशासाठी सरळ 'इख्थूस' हा नेहमीचा ग्रीक शब्द वापरला. योहान 'ओप्सारिऑन' म्हणतो. तो 'ऑप्सॉन' ह्या शब्दाचा लघुत्वदर्शक, आणि 'ऑप्सॉन' म्हणजे भाकरीबरोबर खायला जे काही असेल ते. आपल्याकडे ह्यासाठी नेमका शब्द आहे. शहरात 'तोंडी लावणं' म्हणतात. आमच्या नगरकडे 'कोरड्यास'. कोरड्या भाकरीस काही हवं, म्हणून कोरड्यास. म्हणजे त्या मुलाकडे होती ती जवाची भाकर आणि तिला कोरड्यास खारवलेली नाहीतर भाजलेली चिमुकली मासळी. हे कळल्यापासून ती गोष्ट मला गालीलातून थेट आमच्या बांधावर आल्यासारखी वाटते.

भाकरी मोडण्याआधी येशूने वर पाहून आशीर्वाद दिला, असं पहिली तीन शुभवर्तमानं सांगतात. यहुदी माणूस भाकरी हातात घेऊन जी प्रार्थना म्हणतो ती 'बारूख' ह्या हिब्रू शब्दाने सुरू होते. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल घरांतही शब्बाथच्या जेवणाआधी हाच शब्द उमटतो. बारूखची मुळाक्षरं ब-र-ख, आणि अरबीत ह्याच मुळापासून झालेला शब्द 'बरकत'. तो मराठीत आला आणि असा मुरला की 'तिच्या हाताला बरकत आहे' म्हणताना कुणाला अरबस्तान आठवत नाही. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आपली रीत आहे. मोजणी सुरू होते ती आकड्याने नव्हे. बारूखची प्रार्थनाही तशीच: तीत भाकरी किती आहेत ह्याचा उल्लेख नाही, जमिनीतून भाकर उपजवणाऱ्या देवाचे उपकार आहेत. त्या डोंगरावर उपकार मानले गेले तेव्हा फडक्यात भाकरी 5च होत्या.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे: सगळे जेवले आणि उरलेल्या तुकड्यांच्या 12 टोपल्या भरल्या. मराठीत ह्याला 'पुरून उरणे' म्हणतात. आज तो वाक्प्रचार आपण पैलवानाला किंवा पुढाऱ्याला लावतो, 'दहा जणांना पुरून उरला' असा. त्याचा पहिला अर्थ मात्र पंगतीतलाच असणार, आणि ह्या कथेत तो अक्षरशः खरा होतो.

'पुरणे'ला सख्ख्या बहिणीसारखा शब्द 'भागणे'. 'एवढ्यात भागेल का?' 'भागवून घेऊ.' गणितात आपण बाराला तिनाने भागतो, म्हणजे वाटे करतो. तेच क्रियापद 'निभावणे' ह्या अर्थीही चालतं, आणि ह्या दोन अर्थांच्या जोडीत मला मोठं शहाणपण दिसतं: वाटे केले की भागतं. 'भाग' ज्या धातूपासून आला तो 'भज्', वाटून घेणे. त्याच धातूचा 'भक्त'. संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळही, आणि त्यावरून आपला 'भात'. भाग, भात आणि भक्ती एका घरातले! 'थकला-भागला'मधलं 'भागणे' मात्र निराळं, ते 'भग्न'कडून आलेलं; भागलेला म्हणजे मोडलेला. पण दोन्ही शेजारी येऊन बसले हे बरं झालं. ख्रिस्ती माणसं भाकर 'मोडतात', आणि मोडूनच ती वाटली जाते.

आता तुटीचे शब्द. टंचाई, चणचण, तुटवडा, ओढाताण. मराठीत त्यांची मात्र टंचाई नाही. त्यातला सर्वांत जुना आणि साधा 'उणे', संस्कृत 'ऊन'वरून. आकडेमोडीत वजाबाकीचं चिन्ह तेच, 'उणे पाच'. आकड्यांच्या नावांतही तो दडला आहे: एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस, एकोणतीस, एकोणचाळीस. आपण ह्या संख्यांना त्यांच्यात काय कमी आहे त्यावरून हाक मारतो. घरंही अशीच ओळखली जातात, ह्याची खंत वाटते: तिच्याकडे नवरा नाही, त्यांच्याकडे शेत नाही.

मराठी शास्त्रातल्या 23व्या स्तोत्रात, मेंढपाळाच्या, हाच 'उणे' आहे. मूळ हिब्रूत तिथे 'खासेर' हे क्रियापद, उणे पडणे ह्या अर्थाचं. आजच्या हिब्रूत वजाबाकीला 'खिसूर' म्हणतात ते ह्याच मुळावरून. हे क्रियापद इतरत्रही येतं, आणि त्यातल्या दोन जागा ह्या स्तोत्राशेजारी ठेवल्या की एक सलग गोष्ट दिसते. निर्गमाच्या 16व्या अध्यायात रानातले लोक पहाटे जमिनीवर पसरलेलं काहीतरी पाहून 'मान हू?' म्हणजे 'हे काय?' असं विचारतात, आणि त्या प्रश्नाचंच त्या अन्नाला नाव पडतं, मान्ना. देवाच्या देण्याला लोकांनी दिलेलं नाव एक प्रश्न आहे, हे मला फार आवडतं. कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी. ओमर ह्या मापाने मोजून पाहिलं तर जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला 'खासेर' पडलं नाही. उद्यासाठी दडवून ठेवलं त्यात अळ्या झाल्या.

दुसरी जागा राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 17वा अध्याय. देशात दुष्काळ, ओढा आटलेला, आणि संदेष्टा एलीया सीदोनजवळच्या सारफथ गावी येतो. हे गाव आजच्या लेबननच्या किनाऱ्यावर आहे. तिथे एक विधवा वेशीपाशी काटक्या वेचते आहे. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. ते भाजून मुलासोबत खायचं आणि मग मरणाची वाट पाहायची, असं ती त्याला सांगते. एलीया म्हणतो, आधी मला एक लहान भाकर करून दे. किती अवघड मागणं! मूठभरातली पहिली भाकर पाहुण्याला. कुपीतलं तेल पाऊस पडेपर्यंत उणं पडणार नाही असं वचन त्याच्यामागून येतं, आणि तिथलं क्रियापद तेच, 'खासेर'. कोठार भरल्याचं वर्णन त्या कथेत नाही. मडकं भरून वाहिलं नाही; रोज हात घातला की मुठीत पीठ आलं, एवढंच. ती मुठीवरच राहिली, पण मूठ रिकामी निघाली नाही.

इथे मराठीतलं 'पुरवणे' कामाला येतं, आणि माझ्या मते ह्या शब्दाची तोड मिळणं कठीण आहे. त्याचे अर्थ दोन. 'दुकानदार किराणा पुरवतो' म्हणजे आणून देतो. 'एवढं तेल महिनाभर पुरव' म्हणजे आहे ते बेताने वापरून शेवटपर्यंत ने. देणाऱ्याचं क्रियापद आणि काटकसर करणारीचं क्रियापद एकच! सारफथच्या घरात देव पीठ पुरवत होता आणि ती विधवाही पीठ पुरवत होती. कोण किती, ह्याची वाटणी मला करता येत नाही आणि करावीशी वाटत नाही. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे हात जोडून बसणं, असं म्हणणाऱ्याने कधी अशा बाईला मीठ-मिरची पुरवताना पाहिलेलं नसतं.

पंडिता रमाबाईंनी हे पुरवणं दोन्ही अर्थांनी केलं. 1874च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मित्रांनी 10 वर्षांची मदत बांधून दिली होती, ती 1898 साली संपायची होती. त्याआधीच, 1896-97च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. हिशेबाच्या वहीत ह्याला जागा नव्हती. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. हा माणूस कुणापुढे पैशाचा शब्द न काढता प्रार्थनेच्या आधारावर हजारो अनाथ मुलं वाढवत होता. इंग्लंडात देव पुरवतो तर हिंदुस्थानात का नाही, हा रमाबाईंचा प्रश्न होता. 1900च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्यावर त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 2,000च्या आसपास माणसं झाली. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. 1907 साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, आणि इंग्रजी शीर्षकात तिला जे नाव दिलं त्याचा अर्थ 'आमचा न संपणारा ठेवा'. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालणाऱ्या बाईने हा शब्द निवडला, म्हणून मला तो खरा वाटतो. त्याच केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी एकटीने अख्खं शास्त्र मराठीत आणलं. 1922च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा हे काम हातावेगळं झालेलं होतं. 'खासेर' त्यांनी मुळातून वाचला असणारच, आणि त्याला मराठी शब्द शोधताना त्यांना कुठले दुष्काळ आठवले असतील, असं माझ्या मनात अनेकदा येतं.

देव पुरवतो म्हणजे मागितलं ते मिळतं, असं मात्र नाही. रमाबाईंचे आईवडील भुकेने गेले, आणि देवदेव करतच गेले. हे बाजूला सारून विश्वासाचं बोलणं मला जमत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितलं आहे की अंगातला एक काटा काढून टाक म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर आलं त्यातलं क्रियापद 'आर्केओ', फिलिप्पाचंच. आणि मराठी शास्त्रात तिथे 'पुरे' आहे. फिलिप्पाने ज्या शब्दाला 'नाही' जोडलं होतं तोच शब्द पौलाला 'नाही'शिवाय परत मिळाला. इथे 'पुरे' जेवणाऱ्याच्या तोंडून येत नाही, वाढणाऱ्याच्या तोंडून येतो. असं 'पुरे' ऐकणं अवघड असतं. आपला हात अजून पुढे असतो. आणि ह्याच पत्रात, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत मागताना, पौल त्या मान्नाची गोष्ट काढतो: जास्तवाल्याचं उरलं नाही, कमीवाल्याला उणं पडलं नाही. रानात हे आपोआप घडलं. करिंथात ते लोकांनी खिशात हात घालून घडवायचं होतं. पुन्हा तेच, वाटे केले की भागतं.

प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीला जे विशेषण आहे ते ग्रीक 'एपिऊसिऑस' विद्वानांना आजवर पुरतं सुटलेलं नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने म्हटलं की हा शब्द पंडितांच्या ग्रंथांतही नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला तर ह्या शब्दाचं लॅटिन एकसारखं करता आलं नाही; लूकमध्ये त्याने 'रोजची' केलं, मत्तयमध्ये निराळाच अर्थ घेतला, आणि हिब्रू लोकांच्या एका शुभवर्तमानात 'उद्याची' असा शब्द असल्याचं नोंदवून ठेवलं. मराठीने फारसी 'रोज' उचलला. रोज म्हणजे दिवस. आणि त्याच्यामागून येतात रोजी, रोजगार, रोजंदारी. म्हणून 'रोजची भाकर' म्हणताना मराठी कानाला नुसता दिवस ऐकू येत नाही, दिवसभराचा घामही ऐकू येतो.

1972 साली तो मला दिसलाही. मी 7 वर्षांची होते. त्या दुष्काळात सरकारने कामं काढली, पुढे तीच रोजगार हमी झाली. आई आणि काका खडी फोडायला जात. रेशनवर लाल मिलो मिळे, त्याची भाकरी थापताना कडा फाटायच्या. आजी रोज पिठाच्या डब्यात हात घालण्याआधी बोटाने पिठावर क्रूस काढायची आणि म्हणायची, "पुरंल." मी तिला एकदा विचारलं, "कशावरून?" तिने सांगितलं, "काल पुरलं होतं की."

त्या घरात उतरंडीवर सर्वांत वर एक गाडगं होतं, तोंड बांधून ठेवलेलं. त्यात बाजरीचं बियाणं होतं. आम्ही पोरं उपाशी रडत असू तेव्हा आईची नजर तिकडे जायची, आणि आजी कधीच तिकडे पाहायची नाही. मराठीत 'पुरणे' आणखी एक आहे, मातीखाली घालणे, गाडणे. तेही खड्डा भरण्याच्या अर्थातून त्याच कुळातलं. ते गाडगं ह्या दोन 'पुरणे'मध्ये अडकलं होतं. खायला पुरवायचं, की मातीत पुरायचं?

पुढच्या वर्षी पाऊस झाला. आजीने गाडगं खाली उतरवलं. बियाणं थोडं होतं, पाभरीने पेरण्याइतकंही नव्हतं. ती आणि काका ओणवे होऊन हातानेच टोकत गेले, मी मागून पायाने माती लोटत होते. दिवस मावळता घरी आलो. आई दारातच उभी होती. तिने आधी रिकामं गाडगं पाहिलं, मग आजीच्या हाताला लागलेली माती पाहिली.

"बी पुरलं का, आत्याबाई?"

आजीने गाडगं पालथं घातलं, हात धुतले आणि म्हणाली, "पुरलं."